कंडक्टरबाईचा काळानिळा डोळा

हे मी उभ्याने लिहितेय. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद पसरलेत. चार ओळी झाल्या की दारापर्यंत जाते आणि परत येते. शाळेत असताना बाई आईला म्हणायच्या, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आता पन्नाशी उलटली, डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लासला जायची सक्त मनाई केली, तरी ती भिंगरी काही थांबलेली नाही. संध्याकाळ झाली की जालन्यातल्या त्या गोदामाचं शटर वर गेल्याचा आवाज मला घरात ऐकू येतो. गोदाम आहे दोन किलोमीटरवर.

जालन्यात मला सगळे ‘कराटेवाल्या मॅडम’ म्हणतात. मी कराटे शिकवत नाही हे सांगून सांगून मीच थकले. मी किकबॉक्सिंग शिकवते, म्हणजे शिकवत होते. बॉक्सिंगचे ठोसे आणि त्याला जोडून लाथा, एवढाच त्याचा सोपा अर्थ. आम्ही जो प्रकार खेळतो त्यात कमरेच्या वर मारायचं. कोपर चालत नाही, गुडघा चालत नाही, पाठीवर आणि मानेमागे मारायचं नाही. एवढे नियम पाळून समोरच्याला मनापासून मारायचं आणि घंटा झाली की त्याच्याच गळ्यात पडायचं. बाहेरच्या माणसाला यातलं दुसरं पटतं, पहिलं पटत नाही.

माझी जागा म्हणजे एक जुनं कापसाचं गोदाम, वर टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात दुपारी आत उभं राहिलं तर तव्यावर ठेवल्यासारखं वाटतं. छताला चार बॅगा टांगलेल्या. सुरुवातीला आम्ही त्यांत वाळू भरली होती. ती तळाशी बसून दगड झाली आणि एका मुलाचं मनगट गेलं. मग घरोघरून जुन्या साड्या आणि चादरी मागून आणल्या, कापून, दाबून भरल्या. पुढे कितीतरी जणींनी आपल्या सासूच्या साडीवर ठोसे मारले असतील, पण ते त्यांना मी कधी सांगितलं नाही.

सकाळची बॅच व्यायामाची. त्यांना कुणी मारत नाही. ते हवेत मारतात, बॅगेवर मारतात, मी हातात धरलेल्या पॅडवर मारतात. पॅड म्हणजे चामड्याची जाड गादी, हाताला बांधायची. शिकवणाऱ्याचं निम्मं आयुष्य ही गादी धरण्यात जातं. शिकणारा मारतो आणि मार आपल्या खांद्यात जिरतो. माझा खांदा तिथंच गेला. सकाळी येणारे लोक पोटासाठी येतात, शुगरसाठी येतात, लग्न ठरलं म्हणून येतात. बियाण्यांचे एक व्यापारी यायचे. दर ठोशाला तोंडातल्या तोंडात एक नाव घ्यायचे. पहिल्या आठवड्यात भागीदाराचं, पुढे व्याह्यांचं, आणि मी दोरीवरच्या उड्या वाढवल्यावर एकदा माझंही ऐकू आलं. वजन मात्र उतरलं त्यांचं.

संध्याकाळची बॅच वेगळी. तिथं समोर माणूस उभा असतो. सकाळच्या बॅचमधून संध्याकाळच्या बॅचला सहसा कुणी येत नाही. छाया आली.

छाया एसटीत कंडक्टर. जालना-जाफराबाद मार्गावर ड्युटी. वय अडतीसच्या आसपास, बांधा भक्कम, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून पुढे सरकेल. माहेर अंबडचं. नवरा प्रकाश सळयांच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. ती सकाळच्या बॅचला यायची, कुणाशी फारसं बोलायची नाही. सात-आठ महिने इमानेइतबारे हवेत ठोसे मारले. मग एक दिवस सगळ्या गेल्यावर थांबली. हाताला गुंडाळलेली पट्टी सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“मॅडम, मला संध्याकाळी यायचंय.”

“ड्युटी बदलली का?”

“न्हाई. मला समोर मारणारं माणूस पाहिजे.”

मी तिला खाली सतरंजीवर बसवलं आणि मी उभीच राहिले. तिने सांगितलं ते असं. क्लास लावायच्या आधीची गोष्ट. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. एका माणसाला थांबा नसलेल्या जागी उतरायचं होतं. ती न्हाई म्हणाली. त्याने तिच्या थोबाडीत मारली. ड्रायव्हरला पुढे काही कळलंच नाही. पुढच्या थांब्यावर तो माणूस गर्दीतून उतरला आणि चालायला लागला.

“मारल्याचं न्हाई एवढं,” छाया म्हणाली. “पण त्यानं हात उचलला अन् माझे डोळे मिटले. उघडले तवा त्याची पाठ दिसून राह्यली होती. मला त्याचं तोंड पण आठवत न्हाई, मॅडम. रोज गाडीत चढणाऱ्या दर माणसाकडं मी बघते, हा का तो? माझं मलाच समजत न्हाई.”

आमच्या धंद्यातली ही पहिली आणि शेवटची गोष्ट आहे. ठोसा शिकवायला महिना पुरतो. लाथ शिकवायला सहा महिने. पण समोरून हात येत असताना डोळे उघडे ठेवायला शिकवणं, याला काही हिशोब नाही. कुणाला आठवड्यात जमतं, कुणाला कधीच नाही. डोळे मिटतात, मान आपोआप वळते आणि वळलेल्या मानेवर मार जास्त लागतो. व्यायामाच्या बॅचमध्ये हे शिकवता येत नाही, कारण बॅग काही आपल्याला मारत नाही.

मी तिला संध्याकाळी यायला सांगितलं.

तिच्यासमोर मी पूजाला उभं करायचे. पूजा कॉलेजात शिकणारी, हाताची हलकी, डोक्याची शांत. आधी नुसतं कपाळाला हातमोजा टेकवायचा. छाया डोळे मिटायची. मग चिडायची, स्वतःवरच. “परत,” म्हणायची. पूजा परत टेकवायची, ही परत मिटायची. दिवाळी गेली, थंडी आली. एका संध्याकाळी पूजाने चार ठोसे मारले आणि छाया चारही ठोसे बघत राहिली. चुकवला एकही नाही, चारही खाल्ले. पण बघितले. मी ओरडले, पूजा ओरडली. छायाने शिरस्त्राण काढलं आणि त्या थंडीत ओंजळीने डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात पूजाचा एक वळणाचा ठोसा शिरस्त्राणाच्या खालून गेला आणि छायाचा डावा डोळा काळानिळा पडला. आमच्याकडे याला कुणी विचारत नाही. बर्फ लावतात आणि घरी जातात. मी पण तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी ती खाकी घालून, डोळा तसाच घेऊन ड्युटीवर गेली. संध्याकाळी मला सांगताना आधी हसत होती. बायका तिकीट घेताना तिच्याकडे बघत आणि पटकन मान खाली घालत. पुरुष बघत आणि बघतच राहत. जाफराबादहून निघालेल्या गाडीत एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिने छायाचा हात धरला.

“माय, सोसू नको. माझी लेक सोसत राह्यली.”

“आजी, असं काही न्हाई. मी बॉक्सिंग खेळते. त्यात लागलं.”

“हो माय,” म्हातारी म्हणाली. “माझी लेक म्हणायची, म्हशीनं मारलं.”

एवढं सांगून छायाचं हसू थांबलं. तेवढ्यात पूजाने बॅगेवर मारायला सुरुवात केली, म्हणून बरं झालं.

बातमीला तिकीट लागत नाही. चौथ्या दिवशी ती अंबडला पोचली. छायाचा थोरला भाऊ मिलिंद अंबडच्या कोर्टात एका वकिलांकडे मुन्शी होता. बहिणीवर फार जीव. वडील गेल्यावर त्यानेच तिचं लग्न लावून दिलं होतं. तो दोन मित्रांना घेऊन जीपने जालन्याला आला. छाया ड्युटीवर होती. प्रकाश नुकताच कारखान्यातून आलेला, अंगणात हातपाय धूत होता. मिलिंदने त्याची कॉलर धरली आणि काही न विचारता मुस्काटात दिली.

प्रकाश म्हणजे चार वेळा विचारलं तर एकदा उत्तर देणारा माणूस. त्याने उलटून हात उचलला नाही. गल्लीतले लोक दारात उभे होते. मधे कुणी पडलं नाही. त्यांनी तो डोळा चार दिवस पाहिला होता आणि आपापसात निकालही लावून टाकला होता. प्रकाश एवढंच म्हणाला, “क्लासमधे चला.”

ते सगळे गोदामात आले तेव्हा मी पॅड धरून उभी होते. पुढे मिलिंद, मागे त्याचे मित्र, शेवटी प्रकाश. त्याच्या गालावर बोटं उमटलेली. मला क्षणात सगळं कळलं.

“मॅडम, जयभीम,” मिलिंद म्हणाला. रागातही त्याने रीत सोडली नाही. “तुमी बाईमाणूस हाव. बाईच्या बाजूनं खरं सांगा. तिच्या डोळ्यावर ह्यानंच मारलं ना?”

“तिला इथंच लागलंय. खेळताना. मी समोर होते.”

“माझी बहीण?” तो हसला. “उंदीर दिसला तं खाटेवर चढून बसायची ती. अन् ती मारामारी करून राह्यली?”

मी सांगत होते, पूजा सांगत होती, तो मान हलवत होता. एवढ्यात छाया आली. ड्युटी संपवून थेट, खांद्यावर तिकिटाच्या मशीनची पिशवी. भावाला पाहून आधी तिचा चेहरा फुलला. मग तिने नवऱ्याचा गाल पाहिला.

“दादा, तू ह्यांना मारलं?”

मिलिंद बोलायला लागला, ती ऐकत नव्हती. तिने पिशवी ठेवली, कोपऱ्यातले हातमोजे उचलले आणि भावाच्या छातीवर फेकले. “घाल. घाल अन् ये समोर.”

आता सांगते, माझ्या रिंगमध्ये एक कायदा आहे. रागात असलेल्या माणसाला मी आत सोडत नाही. मारामारी आणि खेळ यांच्यात तेवढीच एक भिंत आहे, ती पाडली की दुसऱ्या दिवशी शटर उघडायचं कारण उरत नाही. मी छायाला आडवी गेले. मी माझ्या हातातले पॅड सोडवले आणि मिलिंदच्या हाताला बांधले.

“मोजे नको. हे धरा. कोपर अंगाशी ठेवा, पाय घट्ट रोवा. बहीण मारते की नाही ते तोंडाने सांगून पटणार नाही तुम्हाला.”

छायाने शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिले दोन ठोसे त्याने हसत घेतले. तिसऱ्याला हसू गेलं. मग तिने उजवी लाथ फिरवली. पत्र्याखाली आवाज घुमला आणि मिलिंद दोन पावलं मागे गेला. दुसरी लाथ. तो बॅगेला टेकला. तिसरीला भिंतीशी पोचला आणि म्हणाला, “बस. छाया, बस.”

पॅड काढल्यावर तो आपल्या लाल झालेल्या हाताकडे बघत राहिला. मग प्रकाशजवळ गेला. “दाजी,” म्हणाला.

प्रकाश खाली बघत म्हणाला, “तुमी एकदा विचारायचं होतं, भाऊ. बस, एवढंच.”

सिनेमात इथं गळाभेट झाली असती. प्रत्यक्षात मिलिंद जीपमध्ये बसून अंबडला गेला आणि प्रकाश-छाया घरी गेले, दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

पुढचे दिवस मला अजिबात चैन नव्हतं. छाया येत होती, पण तिचं मारणं ढिलं पडलं होतं. घरी नवरा बोलत नव्हता. आणि जिल्ह्याची निवड स्पर्धा जवळ आलेली. छायाने नाव दिलं होतं. वयात ती जेमतेम बसत होती. तिच्या वजनगटात दुसरी एकच मुलगी होती, पोलीस भरतीची तयारी करणारी, विशीतली, लांब पायांची. मी त्या मुलीला सरावात पाहून आले होते. पाहून आल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. नाव मागे घ्यायला सांगू का? सांगितलं तर ती पुन्हा कधी येईल का? भाजी चिरायला घ्यायची आणि अर्धवट टाकून गॅलरीत जायची, असं चाललेलं.

एका सकाळी बॅच संपता संपता प्रकाश आला. चप्पल बाहेर काढून आत आला, मंदिरात यावं तसा.

“मॅडम, तिचं नाव काढून घेता येईल का?”

“तिने सांगितलं?”

“न्हाई. मीच म्हणून राह्यलो.” मग तो एका दमात बोलला. एवढं बोलताना मी त्याला पुन्हा कधी ऐकलं नाही. “मॅडम, मी तिला आजपर्यंत बोट लावलं न्हाई. पण आता तिला काहीबी लागलं तं ते माझ्याच नावावर जमा. किराणा दुकानात गेलो तं बाया पोरीला मागं घेतात. कारखान्यात एकजण म्हणला, बराबर केलं, बायकोला असंच पाहिजे. शाबासकी देऊन राह्यला मला! मी काय करू? गळ्यात पाटी घालून फिरू काय, की मी मारलं न्हाई?”

इतकी वर्षं मी बायकांना सांगत आले की लोक काय म्हणतील ते सोडा. पण हे एका पुरुषाला, त्याने न केलेल्या गोष्टीसाठी कसं सांगायचं? मी म्हणाले, “प्रकाशभाऊ, हे तुम्ही तिच्याशी बोला. ती खेळत नाही म्हणाली तर मी नाव काढते.”

तो गेला नाही. बॅगेला हात लावून उभा राहिला. बॅग थोडी हलली, त्याने ती दोन्ही हातांनी थांबवली. क्रेनवाल्याची सवय असेल, लोंबकळणारी वस्तू हलू द्यायची नाही.

“पॅड मी धरले तं चालंल का?” त्याने विचारलं.

“तुम्ही?”

“मी समोर असलो तं मला कळंल तरी, काय होतं ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको.”

त्या संध्याकाळी तो छायाबरोबर आला. पॅड धरायला मी त्याला शिकवलं. पहिल्या दिवशी त्याची मनगटं सुजली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तिला सांगायला लागला, “डावा हात खाली येऊन राह्यला तुझा.” छाया म्हणाली, “तुमी धरा नीट, मंग बोला.” ते ऐकलं आणि मी बाहेर जाऊन टपरीवर चहा घेतला. कितीतरी दिवसांनी पूर्ण कप प्यायले.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये पालकांचीच गर्दी होती. मिलिंद अंबडहून आला होता, शेवटच्या रांगेत बसला. माझ्याबरोबर कोपऱ्यात प्रकाश, हातात पाण्याची बाटली. त्याला कुणीही काम सांगितलं नव्हतं, पण बाटली तो कुणाला देत नव्हता.

पहिली फेरी त्या मुलीची. तिची लाथ दुरून यायची आणि छाया पोचेपर्यंत ती तिथून गेलेली असायची. दुसऱ्या फेरीत एक सरळ ठोसा छायाच्या नाकावर बसला आणि रक्त आलं. पंचांनी खेळ थांबवून डॉक्टरांना बोलावलं. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. कोपऱ्यातून टॉवेल आत फेकला की लढत संपते. तो अधिकार कोचचा असतो. त्या एका कापडाच्या तुकड्याएवढं जड मी दुसरं काही उचललेलं नाही.

“टाका, मॅडम,” प्रकाश माझ्या कानाशी म्हणत होता. “टाका ना. पाया पडतो.”

डॉक्टर कापसाने नाक पुसत होते. मी छायाच्या डोळ्यांत बघितलं. कोच तिथंच बघतो. नजर तरंगत असेल तर टॉवेल, स्थिर असेल तर नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “दिसून राह्यलं मला. समदं दिसून राह्यलं. लाथ मारायच्या आधी तिचा खांदा खाली जातो.”

हे मला दिसलं नव्हतं. त्या मुलीला सरावात तासभर पाहूनही दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली, मी टॉवेल दोन्ही हातांत पिळून धरला आणि लढत पुन्हा सुरू झाली.

त्या मुलीचा खांदा खाली गेला. छाया मागे सरायच्या ऐवजी पुढे घुसली, लाथेच्या आत, आणि उजवा हात सरळ सोडला. मुलगी मटकन खाली बसली. पंचांनी आकडे मोजायला सुरुवात केली, मागच्या रांगेतून मिलिंदचा आवाज आला आणि प्रकाशने अख्खी बाटली माझ्या पायांवर सांडली.

ती मुलगी उठली. चांगली खेळाडू होती. उरलेला वेळ शहाणपणाने लांबून खेळली आणि गुणांवर जिंकली. निकाल बरोबर होता, माझी काही तक्रार नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. खाली आल्यावर मला वाटलं छाया रडेल. तिने नाकातला कापूस काढला आणि विचारलं, “आता परत कधी?”

पुढच्या वर्षी तिच्या वजनात जिल्ह्यात कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी वय आड आलं. माझ्या खेळाचं हे मला आजही सलतं. चाळिशी आल्यावर ज्या बाईला लढावंसं वाटतं, तिच्यासाठी आमच्याकडे बॅग आहे आणि आरसा आहे. समोर माणूस नाही. छाया येत राहिली, मारत राहिली आणि दर महिन्याला विचारत राहिली. मी उत्तर टाळायला बॅगेच्या साखळ्या तपासत बसायचे.

मग तिची ड्युटी अंबडकडे लागली आणि दोघं तिकडे राहायला गेले. प्रकाश कारखान्यात जाऊन-येऊन करू लागला. मधे माझं ऑपरेशन झालं. यंदा पावसाळा संपता संपता तिचा फोन आला. “मॅडम, मी विहाराच्या अंगणात बायांना शिकवून राह्यले. तुमी या एकदा.”

डॉक्टरांनी क्लासला जाऊ नका म्हटलं होतं, अंबडला जाऊ नका म्हटलं नव्हतं. मी गेले.

अंगणात बायका उभ्या होत्या. शेतावरून आलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, एक अंगणवाडीची, बऱ्याचजणी साडीचा पदर खोचून. बहुतेकींचा पहिला किंवा दुसरा दिवस. माझ्या पद्धतीने पहिले काही महिने अंगाला हात लागत नाही. छायाने सगळ्यांना जोड्यांनी समोरासमोर उभं केलं आणि म्हणाली, “आता एकमेकीच्या खांद्यावर थाप मारा. जोरात. मागं सरायचं न्हाई.”

मी तिला बाजूला घेतलं. “पहिल्याच दिवशी? अशाने पळून जातील बाया. आधी अंग तयार होऊ दे त्यांचं.”

“ज्या जाणार त्या जातील, मॅडम.” ती हळूच बोलली, पण डोळे माझ्यावरून हटवले नाहीत. “मी तुमच्याकडं सात-आठ महिने हवेत मारले. एवढा टाइम समद्यांकडं असतो का?”

मला राग आला. तीस वर्षं शिकवलंय मी, कुणाचं मनगट, कुणाचं नाक कसं जातं ते पाहिलंय. तिला तेच सांगणार होते. तेवढ्यात अंगणाच्या टोकाला उभी असलेली एक बाई म्हणाली, “छायाताई, मला जोडी न्हाई.”

छायाने माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल काढली आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले. माझ्याच वयाची असेल, हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले. ती संकोचली.

“मॅडम, तुमाला कसं मारू?”

“मारा. डावा खांदा सोडून.”

तिने पदर घट्ट केला आणि उजव्या खांद्यावर थाप मारली. जोरात मारली. बाई निंदणी-खुरपणीची होती, हाताला वजन होतं. मी इतकी वर्षं पॅडवर मार घेतला, पण मधे गादी असायची. अंगावर असा थेट हात पडून किती काळ झाला होता कुणास ठाऊक.

“मॅडम!” अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून गाडीत घुमतो तसा आवाज आला. “मागं सरलात तुमी!”

सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या. मी खाली पाहिलं. खरंच, एक पाऊल मागे गेलं होतं.

मी ते पुढे आणलं, पाय रोवले आणि समोरच्या बाईला म्हणाले, “मार पुन्हा.”